घरफोडीचा अलार्म, 14 महिने वापरल्यावर: पॅनेल चांगलंय, पण रेझिस्टर कुठं बसवलाय ते आधी बघा

सहा महिन्यांनी लिहिणार होतो, तेव्हा लिहिलं असतं तर सगळं छान छानच लिहिलं असतं. बरं झालं राहून गेलं. आठ झोनचं (झोन म्हणजे सेन्सरची एक वेगळी लाइन) वायरवालं पॅनेल, एक कीपॅड, चार पीआयआर (माणसाची हालचाल ओळखणारे सेन्सर), पाच मॅग्नेट (दार-खिडकीवरचं चुंबक आणि त्याच्यासमोरचा रीड स्विच), एक आतला हूटर एक बाहेरचा, 12 व्होल्ट 7 एएच बॅटरी आणि सिमवाला डायलर (अलार्म झाला की मोबाईलवर फोन लावणारा), वायरिंगसकट 31 हजार. फीचर्सची यादी सगळीकडं मिळते, ती परत लिहीत नाही. कंपनीचं आणि लावणाऱ्याचं नाव पण देत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते एकाच माणसाचं काम नाही असं आता माझं मत झालंय.

झालं असं, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आम्ही सगळे डोंगरावर गेलो होतो, दोन दिवस घराला कुलूप. आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली कीपॅडवर अलार्म 'स्टे'ला (घरात माणसं असतानाचा मोड) टाकला, आणि आई कुरडयांचा डबा ठेवायला माळ्यावर गेली. तिला अलार्म चालूय हे माहीत नव्हतं, वारं यावं म्हणून तिनं माळ्याचं गच्चीकडचं दार सताड उघडलं. त्या दारावर मॅग्नेट आहे, झोन 5, डिले नाही, दार हललं की लगेच हूटर. काही वाजलं नाही. आई खाली येऊन म्हणाली, वर बरं वाटतंय आता दार उघडल्यावर, आणि मी कीपॅडकडं बघतोय तर हिरवा दिवा, सगळे झोन ओके. म्हणजे यात्रेचे दोन दिवस ते दार तसंच उघडं पडल्यासारखं होतं. किती दिवसांपासून, ते आज पण सांगता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी मला मॅग्नेटवरच संशय. कारण आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं, जुनं, सागवानी दारं, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि गेल्या जुलैत पुढच्या दाराचं मॅग्नेट सारखं 'ओपन' दाखवायचं. दार नीट बसत नव्हतं, मॅग्नेट आणि रीड स्विचमधली फट वाढलेली. साधं पट्टीचं मॅग्नेट असलं तर दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढं भरवसा धरू नका, मी तेव्हा खाली लाकडाची चकती लावून ते पुढं घेतलं, तेव्हापासून त्रास नाही. पण ती तक्रार उलटी होती, दार बंद असताना उघडं दाखवायचं. इथं दार उघडं असताना बंद दाखवतंय. ही गोष्ट खूप वेगळी आहे आणि मला ती कळायला अर्धा दिवस लागला.

मल्टिमीटर घेऊन पॅनेल उघडलं, झोन 5 च्या दोन्ही वायरी सोडवल्या, वर दार उघडं ठेवून मोजलं. मीटरनं टीं केलं. दार उघडं, तरी लूप (जाऊन-येऊन वायरीचा फेरा) पूर्ण, तीन ओहम. मग टॉर्च घेऊन माळ्यावर चढलो आणि वायर हातानं चाचपत गेलो. कौलाखाली वाशाला धरून वायर उघडीच नेलेली, पाइप नाही, केसिंग पट्टी नाही, नुसते क्लिप. भिंतीपासून हातभर अंतरावर उंदरानं वरचं कव्हर खाल्लेलं, आतल्या दोन कोरचं (तारांचं) इन्सुलेशन गेलेलं आणि तांबं तांब्याला चिकटलेलं. बोटाएवढी जागा. खाली वाशावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा बारीक भुसा पडलेला.

आता खरा मुद्दा. उंदीर वायर खाणारच, त्याबद्दल माझं कोणाशी भांडण नाही. पण पॅनेलला ते कळायला पाहिजे होतं, आणि त्यासाठीच झोनच्या लूपमध्ये एक रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा देणारा छोटा पार्ट) घालायचा असतो, एंड ऑफ लाइन. माझ्या पॅनेलला 2.2 के, म्हणजे 2,200 ओहम. पॅनेल लूपकडं बघतं, 2.2 के दिसला की दार बंद, काहीच नाही दिसलं म्हणजे लूप तुटलं, दार उघडलं किंवा वायर कापली, आणि शून्य दिसलं म्हणजे शॉर्ट, कुणीतरी वायरीशी खेळतंय. नावातच लिहिलंय, लाइनच्या टोकाला. टोक म्हणजे सेन्सरच्या पोटात, तिकडं, लांब. आमच्याकडं सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यात टर्मिनललाच (वायर जोडायच्या स्क्रूलाच) पिळून लावलेले, आठ झोनचे आठ, लाल-लाल-लाल पट्ट्यांचे, ओळीनं. दिसायला इतकं टापटीप की लावला त्या दिवशी मी त्याचा फोटो काढून दाजींना पाठवला होता. अशा जोडणीत पुढं वायर कुठंही शॉर्ट झाली तरी पॅनेलला स्वतःच्या डब्यातला 2.2 केच दिसत राहतो. दार काढून नेलं तरी तो म्हणणार दार बंद आहे. ज्या चोराला हे माहीत आहे त्याला वायर सोलून एक पिन टोचली की काम झालं.

एक रुपयाचा पार्ट हो. तो इकडं लावायच्या ऐवजी तिकडं लावायचा, एवढंच.

फोन केला. लावून गेलेला पोरगाच बोलला.

"साहेब, पॅनेलवर हिरवा दिवा हाय न्हवं, मग झोन चालू हाय."

"अरे बाबा, वायर उंदरानं खाल्लीय, दोन्ही कोर चिकटल्यात, तरी हिरवा दाखवतोय म्हणून तर फोन केलाय."

"मग वायर बदलायला लागंल. व्हिजिटचे 600 आणि मटेरियल येगळं."

"आणि रेझिस्टर पॅनेलमधी का लावले?"

"सगळेच तिथंच लावत्यात साहेब. सेन्सरमधी जागा न्हाई."

वॉरंटी दोन वर्षांची, पण वायरिंग वॉरंटीत नाही म्हणे. त्याच्या मालकाशी बोललो, तो म्हणाला उंदीर आमच्या हातात नाही. मी म्हटलं उंदराचं सोडा हो, रेझिस्टर तर तुमच्या हातात होता. तीन दिवस फोनाफोनी झाली, शेवटी व्हिजिट माफ करतो म्हणाले, पण नऊ सेन्सर उघडून रेझिस्टर हलवायचे 2,500 सांगितले. स्वतःची चूक दुरुस्त करायचे पैसे मी देणार नाही असं सांगून फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी हे पॅनेल घेऊ नका असंच लिहायला बसलो होतो. लिहायच्या आधी एकदा मॅन्युअल काढलं, म्हटलं त्यांनी काय लिहिलंय बघू. वायरिंगच्या पानावर चित्रच आहे, रेझिस्टर सेन्सरच्या चौकोनात काढलेला, खाली ठळक ओळ की पॅनेलमध्ये लावू नका. म्हणजे पॅनेलवाल्यांची काही चूक नाही. मग राजारामपुरीत एका मित्राच्या दुकानाचं पॅनेल उघडून बघितलं, वेगळी कंपनी, वेगळा लावणारा, रेझिस्टर पॅनेलमध्येच. उद्यमनगरात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, तिथंही तसंच. तो पोरगा "सगळेच" म्हणाला ते खोटं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. लोक 30-40 हजार खर्चून घरात हिरवा दिवा बघत निवांत झोपतात.

तुमच्याकडं असेल तर दहा मिनिटांत बघता येतं. पॅनेल प्रोग्रॅमिंग मोडला टाका नाहीतर हूटर बोंबलेल, एका झोनच्या दोन वायरी सोडवा, दार बंद ठेवून त्या वायरींमध्ये मोजा. पॅनेलला लागणाऱ्या रेझिस्टरचा आकडा आला तर तुमच्या माणसानं काम नीट केलंय, त्याला चहा पाजा. पाच-दहा ओहमच आले तर रेझिस्टर पॅनेलात आहे.

शेवटी मी आणि दाजींनी दोन रविवारांत स्वतः केलं. लक्ष्मीपुरीतून 2.2 केचे रेझिस्टर, बारीक स्लीव्ह, सोल्डर वायर आणि माळ्यासाठी पीव्हीसी पाइप आणला, सगळे मिळून 900 च्या आत. जागा नाही म्हणाला होता ना, पीआयआर उघडला तर आत टर्मिनलच्या शेजारी बोट जाईल एवढी जागा. रेझिस्टरचा एक पाय रिलेच्या (पीआयआरमधल्या स्विचच्या) टर्मिनलमध्ये कसला, दुसऱ्या पायाला झोनची वायर सोल्डर केली, त्यावर स्लीव्ह सरकवली, झाकण बसलं. खिडकीच्या छोट्या मॅग्नेटांना स्क्रू नसतात, शेपटीसारख्या दोन वायरी असतात, तिथं चौकटीत छोटी खाच मारून जोड आत ढकलला. एक झोन सोडून बाकी सगळं झाल्यावर माळ्यावर मुद्दाम दोन कोर चिमट्यानं एकत्र धरायला लावले, आणि खाली कीपॅडवर पाचचा पिवळा दिवा लागला. दाजी वरनं ओरडले, "आलं काय?" आलं की!

बाकीचं थोडक्यात, कारण त्याला एवढं महत्त्व नाही. पॅनेल जिन्याखाली मीटरजवळ लावणार होते, मी वरच्या मजल्यावर लावायला लावलं आणि तो निर्णय बरोबर ठरलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 धोका, हे आकडे आमच्या पेठेत पोरांना पण पाठ. 2019 ला तळमजल्यात कंबरेएवढं पाणी होतं, 2021 ला परत. म्हणून खालच्या सगळ्या वायरी वरनं खाली सोडल्यात, जोड एकही खाली नाही. पण पुरात लाईट जाते ती दिवसेंदिवस येत नाही, आणि घरं रिकामी असतात ती तेव्हाच. माझं पॅनेल, कीपॅड, पीआयआर, डायलर मिळून 230 मिलिअँपिअर खातं, कागदावर 7 एएचचे 30 तास होतात, अडॅप्टर काढून बघितलं तर 21 तासच टिकलं. मोठी बॅटरी लावायची तर पॅनेलचा चार्जिंग करंट तेवढा पाहिजे, माझ्याचा नाही. ही एक उणीव मला मान्य करावीच लागते.

बाहेरचा हूटर पहिल्यापासून दबका वाजायचा. त्याला पण सेन्सरचीच बारीक वायर, 0.22 स्क्वेअर एमएमची, 25 मीटर नेलेली, जाऊन-येऊन चार ओहम होतात आणि हूटर 600 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच गेले. 0.75 ची दोन कोर ओढली, आता गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पीआयआरला असलं काही होत नाही, तो पंधरा-वीस मिलिअँपिअरवर चालतो.

खोटे अलार्म म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत सहा, सगळे हॉलच्या पीआयआरचे, रात्री अडीच-तीनला, आई घाबरून बसायची. तो ट्यूबलाईटच्या शेजारी लावलेला, तिथं किडे, किड्यांमागं पाल, आणि पाल लेन्सवरनं गेली की त्याला ती माणसाएवढीच दिसते. दुसऱ्या कोपऱ्यात सव्वादोन मीटरवर घेतला, माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा, मागची भोकं सिलिकॉननं बंद केली. तेव्हापासून शून्य. खिडकीला व्हायब्रेशन सेन्सर लावा म्हणत होते, तो नको म्हटलं. गणपतीत आमच्या काचा तासन्‌तास थरथरतात, पोरं साऊंड सिस्टिमपुढं नाचत असताना तो रात्रभर वाजला असता.

डायलर टूजीचा आहे, त्यात जिओचं सिम चालत नाही, हे विकताना सांगत नाहीत. आता घेणाऱ्यांनी फोरजीचाच मागा. आणि सिमचा रिचार्ज मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, माझा एकदा संपलेला आणि अकरा दिवस कळलं नव्हतं.

पॅनेलला पाचातले साडेचार. वायरिंगला, आहे तसं दिलं त्याला, एक. बहिणीचं कळंब्याला बांधकाम चालूय, गिलाव्याच्या आधी मी आणि दाजींनी कागदावर प्रत्येक सेन्सरपासून पॅनेलपर्यंतचा पाइप काढून दिलाय, लाईटच्या पाइपपासून फूटभर लांब, उंदराला तोंड घालता येईल अशी उघडी वायर कुठंच नाही, आणि प्रत्येक टोकाला एक छोटा चौकोन काढून आत 2.2 के लिहिलंय. वायरमनला सांगितलंय, तो चौकोन जिथं आहे तिथंच.

माझ्या घरी अजून झोन 7 राहिलाय, मोरीकडच्या दाराचा. त्याची चौकट दगडी आहे आणि जोड गिलाव्यात गाडलाय, दिवाळीच्या रंगकामात फोडून करणार. तोपर्यंत त्या दाराला आतनं अडसर.