म्हापशातील डिस्कचे दुकान: तपासून देणारा विक्रेता

म्हापशाच्या बाजारपेठेतील या लहानशा दुकानात आजही सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी आणि मोजक्या ब्लू-रे डिस्क मिळतात. अशी दुकाने विरळ का झाली, हे आकड्यांवरून कळते. अमेरिकेतील मोशन पिक्चर असोसिएशनच्या अहवालांनुसार चित्रपट आणि मालिकांच्या डिस्कवर जगभरातील ग्राहकांनी २०१८ मध्ये सुमारे १३.१ अब्ज डॉलर खर्च केले होते. हा खर्च २०१९ मध्ये १०.१ आणि २०२१ मध्ये ६.५ अब्जांवर उतरला, तर घरबसल्या पाहण्याच्या डिजिटल सेवांवरील खर्च याच काळात ४२.६ अब्जांवरून ७१.९ अब्जांवर गेला. भारतात स्वस्त डिस्क घरोघरी पोहोचवणारी मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्येच अवसायनात निघाली. नवा माल आटत चालला असताना जुना माल नीट पारखून देणारा माणूस मोलाचा ठरतो, आणि या दुकानाची खरी सेवा तीच आहे.

निवडलेली प्रत्येक डिस्क मालक उजेडात तिरपी धरून पाहतात, मधल्या भोकाच्या कडेला चीर गेली आहे का ते नखाने चाचपतात आणि मग प्लेयरवर सुरुवातीचा, मधला व शेवटचा भाग लावून दाखवतात. सीडी व व्हीसीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते आणि हाताळणीचे ओरखडे बाहेरच्या कडेला अधिक पडतात, म्हणून शेवटचा भाग पाहणे फार आवश्यक असते. आखातातून किंवा पोर्तुगालहून परतलेल्या गोंयकारांकडील डीव्हीडीही येथे विक्रीस येतात. डीव्हीडीवर ती जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा संकेतांक, म्हणजे रीजन, असतो; त्या बहुधा रीजन २ च्या असल्याने भारतातील रीजन ५ च्या प्लेयरवर चालत नाहीत, हे मालक न विचारताच सांगतात. इतका प्रामाणिकपणा मला ऑनलाइन खरेदीत क्वचितच आढळला आहे.

कोकणी तियात्रांच्या (गोव्यातील संगीतमय लोकनाट्यांच्या) व्हीसीडी आणि मराठी नाट्यसंगीत व भजनांच्या सीडी हे दुकानाचे वैभव आहे. यांतील कित्येक मुद्रणे मला कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर सापडलेली नाहीत, त्यामुळे ज्यांना ती हवी आहेत त्यांनी फार काळ थांबू नये.

उणिवा दोन आहेत. वेष्टनांवर किमती लिहिलेल्या नसतात, आणि दर्शनी कपाटावर दुपारचे ऊन येते, जे डिस्कसाठी मुळीच चांगले नाही. तेथे पडदा हवाच. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत मालकांना प्रत्येक डिस्क लावून दाखवणे जमत नाही, तेव्हा अन्य दिवशी सकाळी जावे.