फीच्या बिलातली एकेक ओळ: अर्बाना-शॅम्पेनमध्ये दोन सेमिस्टर काढल्यावर

मे महिना उजाडला की अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींचा एकच प्रश्न सुरू होतो: बॅगेत काय भरू? कुकर तीन लिटरचा की पाचचा, मसाला किती किलो, थर्मलचे जोड किती. उत्तरं देणारेही हौसेने देतात. इथे दोन सेमिस्टर काढल्यावर माझं मत असं झालंय की या यादीवर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा जरी फीचं बिल वाचण्यात घालवला, तर बस्तान लवकर बसतं.

मी इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर एमएस करते आहे. आमच्या बिलात ट्यूशनच्या खाली बस, आरोग्य केंद्र, विमा, लायब्ररी आणि इतर सुविधा अशा ओळी येतात. ते बिल बघून बाबांनी फोनवर विचारलं होतं, "हे बाकीचं काय लावलंय?" पैसे कर्जाचे, त्यामुळे एकेक ओळ वसूल करायची असं मी ठरवलं. कुठली झाली, कुठली नाही, ते सांगते.

सगळ्यात आधी वसूल झाली ती बस. शिकागोपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, मका-सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेली ही जोडगावं. इथे गाडीशिवाय कसं निभणार, ही काळजी एमटीडीच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या, बसने पहिल्याच आठवड्यात मिटवली. आय-कार्ड, म्हणजे विद्यापीठाचं ओळखपत्र, दाखवलं की तिकीट नाही, आणि हे कॅम्पसपुरतं नाही: किराणा, मॉल, रेल्वे स्टेशन, सगळीकडे चालतं. म्हणून ग्रीन स्ट्रीटजवळच्या महागड्या खोल्यांच्या मागे न लागता अर्बानाच्या बाजूला, बसथांब्याजवळ घर घेणं परवडतं. रात्री ग्रेंजर लायब्ररीतून उशिरा निघालात तर सेफराइड्स, म्हणजे रात्री घरी सोडणारी गाडी, आहे. विद्यार्थी सुट्टीला गेले की फेऱ्या कमी होतात, तेवढं वेळापत्रकात आधी बघून ठेवा. या ओळीला पैकीच्या पैकी गुण.

आरोग्याच्या ओळी दोन आहेत आणि नव्या मुलांचा घोळ नेमका इथे होतो. एक ओळ मॅकिन्ली हेल्थ सेंटरची, दुसरी विम्याची. मॅकिन्ली हा कॅम्पसवरचाच दवाखाना. ताप, घसा, पोट असल्या दुखण्यांना तिथे गेलं तर फीमध्येच भागतं. विमा लागतो तो बाहेर गेल्यावर, आणि विमा आहे म्हणजे बिल येणार नाही असं मुळीच नाही. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपण करायचा, तो डिडक्टिबल. त्यानंतरही दर भेटीला किंवा बिलात आपला वाटा असतो. शिवाय डॉक्टर विमा कंपनीच्या नेटवर्कमधला हवा. माझी रूममेट रात्री पोट दुखतं म्हणून गावातल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये गेली. दुखणं गॅसचं निघालं. बिलं मात्र टप्प्याटप्प्याने येत राहिली: हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, तपासणीचं आणखी वेगळं. जिवावर बेतलं तर इमर्जन्सीतच जायचं, त्यात दुमत नाही. पण सकाळपर्यंत थांबता येण्यासारखं असेल तर मॅकिन्ली, आणि मॅकिन्ली बंद असेल तर अर्जंट केअर, म्हणजे जिवावर न बेतलेल्या तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना.

दात आणि डोळे भारतातच उरकून या. डेंटिस्टचा खर्च विद्यार्थ्यांच्या साध्या विम्यात सहसा धरलेला नसतो आणि चष्मा करायला इथल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. दोन चष्मे जास्तीचे आणणं कुकरपेक्षा शहाणपणाचं. लसींच्या नोंदीही निघण्याआधीच अपलोड करा, नाहीतर पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडकते. टीबीची तपासणी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना करावी लागते. ती त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची करून घ्या. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

घराचं प्रकरण फीच्या बिलात नाही आणि डोकं सर्वांत जास्त तिथेच पिकलं. या गावात पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या ऑक्टोबरपासूनच जायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये ॲडमिट हातात पडलेल्या आपल्यासारख्यांना उरलंसुरलं मिळतं. आम्ही चौघींनी व्हॉट्सॲपवर ओळख करून घेतली आणि भारतातूनच चार बेडरूमचं घर ठरवलं. निघायच्या तोंडावर एकीचा व्हिसा नाकारला गेला. घर देणाऱ्या कंपनीचं म्हणणं, चारही खोल्यांचं भाडं आता तुम्ही तिघींनी द्या. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं: जॉइंट लीजवर सही केली की पूर्ण भाड्याला प्रत्येक जण जबाबदार. इंडिव्हिजुअल लीज असेल तर आपापल्या खोलीपुरतं. मला राग आला तो कंपनीच्या वागण्याचा. सबलेटचं, म्हणजे रिकामी खोली दुसऱ्या कुणाला देण्याचं, विचारलं तर मेलला उत्तर नाही, फोन केला तर ‘मॅनेजर नाहीत’.

इथे विद्यापीठाचं ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग नावाचं ऑफिस कामी आलं. तिथल्या बाईंनी करार आमच्यासमोर कलमागून कलम वाचला, सबलेटची परवानगी कुठल्या कलमात आहे ते दाखवलं आणि कंपनीला मेल कसा लिहायचा तेही सांगितलं. त्या मेलला मात्र लगेच उत्तर आलं! सेमिस्टर सुरू झाल्यावर एक तमिळ मुलगी राहायला आली. तोवरचा भुर्दंड तिघींनी वाटून घेतला. करार त्यांच्याकडून सहीच्या आधी वाचून घ्या, नंतर नको. प्रकरण आणखी वाढलं तर स्टुडंट लीगल सर्व्हिसेस आहे, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी वकील, आणि तेही फीमधूनच चालतं. राहायला गेल्या दिवशी भिंती, गालिचा, ओव्हन, सगळ्याचे फोटो काढून मालकाला मेल करून ठेवा, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतात. फर्निचरसाठी ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटी वायएमसीएचा ‘डम्प अँड रन’ हा जुन्या वस्तूंचा सेल लागतो. माझं टेबल, दिवा, पातेली तिथलीच.

आता बॅगेबद्दल, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहणार नाही. गोडा मसाला, मेतकूट, चहाचं गाळणं, कुकरच्या जास्तीच्या रिंगा: हे आणा. मिक्सर आणू नका. इथली वीज १२० व्होल्टची आणि आपला मिक्सर २३० चा, तो नुसता घरघरत बसतो. ११० व्होल्टचा भारतीय बनावटीचा मिक्सर अमेरिकेत मिळतो. ताजा कढीपत्ता आणायला बंदी आहे, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे. बाकी खाण्याचं जे काही असेल ते कस्टममध्ये जाहीर करा. हिवाळ्याचा कोट इथे येऊनच घ्या, आपल्याकडच्या दुकानातली ‘स्नो जॅकेटं’ जानेवारीतल्या इथल्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. आणि फोडणी घालताना खिडकी उघडी ठेवा. स्मोक अलार्मला मोहरी-हिंगाचं वावडं आहे.

अभ्यासाचं थोडक्यात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढण्याची पद्धत इथे कामाची नाही, गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये विखुरलेले असतात. आपल्याकडे जर्नल उतरवून काढणं चालून जातं. इथे दुसऱ्याचा कोड घेतला तर थेट चौकशी लागते, सांभाळून. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांनी शंकांसाठी ठेवलेल्या वेळेत, जा, प्रश्न बाळबोध असला तरी. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची सवय मला अजून झालेली नाही, मी ‘प्रोफेसर’वरच थांबले आहे. दोन तासांच्या मध्ये वेळ असला की मॉरो प्लॉट्सवरून चालत जाते: १८७६ पासून पिकांचे प्रयोग चाललेलं शेत, ऐन कॅम्पसच्या मधोमध. त्यातल्या मक्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. शेताच्या कडेने रस्ता गेला म्हणून माझ्या आजोबांनी आयुष्यभर तलाठ्याशी भांडण केलं, त्यांना हे ऐकवल्यावर ते खूप खूश झाले.

कागदपत्रांमध्ये क्रम महत्त्वाचा. आल्यावर आधी आयएसएसएसकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात, चेक-इन. ते झालं की व्हिसाच्या नोंदी सुरळीत होतात. बँकेत खातं पासपोर्ट आणि आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, उघडतं, त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, लागत नाही. तो नंबर मिळतो नोकरी लागल्यावरच, आणि एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. डायनिंग हॉलमधली कामं सर्वांत लवकर मिळतात. मलाही तिथेच मिळालं, आणि त्याच नेमणुकीच्या पत्रावर नंबर निघाला. घर बदललं तर १० दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा वडिलांचं नावही असतं, ते सगळीकडे तसंच्या तसं लावा, नाहीतर बँकेतलं आणि पगारातलं नाव जुळत नाही. भारतातलं सिम चालू ठेवा. आपल्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि कर्जाचा पुढचा हप्ता पाठवताना ते सिम बंद असेल तर रात्री जागून बाबांना बँकेत पाठवावं लागतं. उन्हाळ्यात इथल्या आणि आपल्या वेळेत साडेदहा तासांचा फरक असतो, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेअकरा.

शेवटची गोष्ट कराची, कारण तिची आठवण फेब्रुवारीपर्यंत कुणाला होत नाही. इथे एक पैसाही कमावला नसला तरी एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने ८८४३ हा फॉर्म पाठवायचा असतो. कमाई असेल तर पहिली पाच कॅलेंडर वर्षं १०४०-एनआर हा अनिवासींचा कराचा फॉर्म भरायचा. बाजारातली लोकप्रिय फुकट सॉफ्टवेअरं अमेरिकन नागरिकांचा साधा १०४० भरून टाकतात, तो आपला नव्हे. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१ व्या कलमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, ते सोडू नका. इलिनॉय राज्याचा कर वेगळा, ४.९५ टक्के. कमाई असेल तर मुदत १५ एप्रिल. आणि पगाराची पहिली स्लिप हातात आली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या पगारातून कापल्या जाणाऱ्या दोन करांच्या रकान्यांत शून्य आहे ना ते बघा, कारण याच पाच वर्षांत आपल्याकडून ती कपात व्हायला नको. झालेली दिसली तर त्याच आठवड्यात पेरोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या ऑफिसला, कळवा. नंतर परत मागायला गेलं की आणखी फॉर्म आणि कित्येक महिन्यांची वाट.