रेझिस्टचं पॉलिमर: फ्री रॅडिकल, राफ्ट की अ‍ॅनायॉनिक?

चिपवर रेषा छापायच्या रेझिस्टसाठी (प्रकाश पडला की डेव्हलपर द्रावणातली विद्राव्यता बदलणारा थर), म्हणजे २४८ नॅनोमीटरच्या किंवा ईयूव्हीच्या (१३.५ नॅनोमीटरचा प्रकाश) रेझिस्टसाठी, पॉलिहायड्रॉक्सीस्टायरीन बनवायचंय, कुठल्या रूटने जाऊ असं विचारणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा आधीच राफ्टवर (सल्फरवाला एजंट घालून चेनची लांबी काबूत ठेवणारी रॅडिकल पद्धत) बसलेलं असतं, कारण पेपरात पीडीआय (चेनच्या लांबीतली तफावत, १ म्हणजे सगळ्या सारख्या) १.१ दिसतो ना. माझं म्हणणं असं की आधी मेटलचं (पॉलिमरमध्ये राहणाऱ्या सोडियम, लिथियमसारख्या धातूंच्या अंशाचं) बघा, मग दोन बॅच किती सारख्या येतात ते बघा, पीडीआयचं त्यानंतर.

फ्री रॅडिकल सगळ्यात सोपं. अ‍ॅसिटॉक्सीस्टायरीन घ्यायचं (हायड्रॉक्सीस्टायरीन नुसतं ठेवलं तरी आपोआप पॉलिमराइज व्हायला लागतं), एआयबीएन (तापवलं की रॅडिकल देणारा इनिशिएटर), नायट्रोजन, ७० अंशाच्या आसपास, आणि शेवटी अ‍ॅसिटिल काढायचं, पण कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) नाही हं, अमोनियाने, सोडियम स्वतःच्या हाताने कशाला घालायचं. पीडीआय १.५ ते २ येतो. टर्ट-ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटसोबत कोपॉलिमर करायचं असेल, आयबीएमच्या एस्कॅप रेझिस्टसारखं, तर सगळं एकदम ओतू नका, दोन मोनोमर वेगवेगळ्या वेगाने संपतात, सुरुवातीची चेन एक आणि शेवटची भलतीच असं होतं आणि मग डेव्हलपरमध्ये एक भाग आधी विरघळतो न् दुसरा तसाच राहतो. पंपाने कित्येक तास हळूहळू फीड करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

राफ्टमध्ये चेनची लांबी हातात राहते हे खरंच, त्यात वाद नाही. पण चेनच्या टोकाला सल्फर राहतो. डायथायोबेंझोएट (राफ्टचा एक सल्फरवाला एजंट) वापरलं तर पावडर चक्क गुलाबी येते, बघायला छान, पण तो गट २४८ ला लाइट खातो त्यामुळे काढावाच लागतो. आणि इथेच बरेचजण फसतात, टोक न काढता थेट अमोनिया घातला की तिथे थायॉल तयार होतो, दोन चेन डायसल्फाइडने जुळतात आणि जीपीसीत (चेनचं वजन मोजणाऱ्या चाचणीत) दुप्पट वजनाला आणखी एक उंचवटा, म्हणजे खांदा, दिसतो, म्हणजे ज्या पीडीआयसाठी एवढा खटाटोप केला तोच गेला. त्यामुळे आधी जास्तीचं एआयबीएन घालून तापवा, गुलाबी उडून पांढरट होईपर्यंत, मगच अ‍ॅसिटिलला हात लावा. एक स्टेप वाढली, एक प्रेसिपिटेशन वाढलं, खर्च वाढला.

अ‍ॅनायॉनिकने (ऋणभारित टोकावर चेन वाढवायची पद्धत) पीडीआय १.०५ पर्यंत जातो, पण नाकी नऊ येतात. सेक-ब्युटाइललिथियम, टीएचएफ सॉल्व्हंट, उणे ७८ अंश, आणि पाण्याचा अंश जरी राहिला तरी वाढत्या चेनच्या टोकाचा लाल-केशरी रंग डोळ्यांदेखत उडतो. अ‍ॅसिटॉक्सी इथे चालतच नाही, लिथियम थेट कार्बोनिलवर जातं, टर्ट-ब्युटॉक्सीस्टायरीन आणा आणि नंतर अ‍ॅसिडने उघडा. वर लिथियम तुम्ही स्वतः घातलंय आणि फॅबवाले (चिपचे कारखाने) ते पीपीबीत (अब्जात किती भाग) मोजतात. कॅलिब्रेशनसाठी किंवा ब्लॉक कोपॉलिमरच हवा असेल तर ठीक, एरवी मी तरी या वाटेला जाणार नाही.

१९३ नॅनोमीटरसाठी विचारत असाल तर हा वाद बाजूलाच ठेवा, बेंझिन रिंग तिथे प्रचंड शोषते, मिथॅक्रिलेटच लागतात आणि तिथे फ्री रॅडिकलच डोळे झाकून घ्या. १३.५ नॅनोमीटरला, म्हणजे ईयूव्हीला, शोषण अणूंवर ठरतं म्हणून रिंगवाली पॉलिमर परत आली.

ईयूव्हीवाल्यांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. तिथे रेषा इतक्या बारीक असतात की मोठी चेन कडेला खडबडीत करू शकते, त्यामुळे लहान आणि एकसारखी चेन हवी, तर राफ्टवर पैसे घालायला हरकत नाही. पण रफनेस एकट्या पीडीआयचा थोडीच असतो, अ‍ॅसिड किती पसरतं आणि फोटॉन किती पडतात यावरही असतो, ईयूव्हीचा एक फोटॉन ९२ ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) म्हणजे १९३ वाल्याच्या चौदापट, त्याच डोसला तेवढे कमी फोटॉन. त्यामुळे फ्री रॅडिकलचा नीट फीड केलेला लॉट आधी कोट करून बघा, रेषा खरंच पॉलिमरमुळे बिघडतायत असं दिसलं तरच राफ्ट. आणि रूट कुठलाही घ्या, आयन एक्स्चेंज रेझिनमधून (मेटल धरून ठेवणारं रेझिन) काढल्यावर काचेच्या बाटलीत भरू नका, काचेतून सोडियम परत येतं.