आडव्या सायकलीच्या घरगुती मिड-ड्राइव्हसाठी एमवाय1016झेड2 मोटर: माझा अभिप्राय

कुणी रिकंबंटला, म्हणजे आडव्या सायकलीला, मोटर लावायची म्हणालं की मी आधी विचारतो, घाट चढायचाय का? कारण या सायकलीवर उभं राहून पॅडल मारता येत नाही. चढावर जे काही करायचं ते गिअरनेच. म्हणून मोटरचा जोरही सायकलच्या गिअरमधूनच गेला पाहिजे, यालाच मिड-ड्राइव्ह म्हणतात. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी, कमी वेगात, चढावर नुसती तापते.

मी पुण्यात धनकवडीत राहतो, जुना कात्रज घाट जवळच. घरी वेल्ड केलेल्या माझ्या सायकलीवर 24 व्होल्ट, 250 वॉटची ही मोटर बसवली आहे. ब्रशवाली आहे, म्हणजे दोनच वायरी. उलटी फिरली तर वायरी अदलाबदल केल्या की झालं. गिअरबॉक्स आतच आहे, साधारण 9.78 ला 1, त्यामुळे बाहेरचं 9 दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, मिनिटाला सुमारे 300 फेरे घेतं. आणि त्यावर साधी सायकलचीच चेन बसते! या एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन.

आता हिशोब. माणूस आरामात मिनिटाला 80 च्या आसपास पॅडल मारतो. 9 दात मोटरला, 34 दात क्रँकला (पॅडलच्या दांड्यांच्या आसाला), म्हणजे फेरे येतात 79. पण सरळ चेन जोडली तर मोटर बंद असताना तुम्ही तिला गिअरबॉक्ससकट ओढत बसता. म्हणून बूमखाली, म्हणजे पॅडल असलेल्या पुढच्या दांड्याखाली, मधला शाफ्ट: दोन यूसीपी204 बेअरिंग, एका बाजूला साध्या काळ्या सायकलचं 18 दातांचं फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर देणारं, उलट मोकळं फिरणारं चक्र), दुसरीकडे 18 दातांचंच घट्ट स्प्रॉकेट. दोन्हीकडे दात सारखे असल्याने गुणोत्तर तेच राहतं.

फ्रीव्हीलचे आटे 1.37 इंचाचे, इंचाला 24. तसा अडॅप्टर लेथवर काढून घ्या, आणि लेथवाल्याकडे नमुन्याचं फ्रीव्हील घेऊनच जा. दुसरं फ्रीव्हील क्रँकवर हवंच, नाहीतर पाय थांबवले तरी पॅडल फिरत राहतील आणि आडव्या बैठकीत ते धोक्याचं आहे. मोटर बसवायच्या पट्टीला भोकं लांबट ठेवा, चेन ताणायला तीच लागतात.

मागच्या चाकाच्या चेनला पुढे 36, मागे 34 दात आणि 26 इंची चाक असलं की घाटात ताशी 10 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. वळणावर गुडघ्यांवर जोर येत नाही, पाय लयीत फिरत राहतात. हे सुख या सायकलीवर मला आधी कधी मिळालं नव्हतं.

उणीव म्हणजे आवाज. गिअरची घरघर सीटवर चांगली ऐकू येते. कार्यक्षमताही बेताची: पूर्ण भारावर साडेतेरा अँपिअर घेते, म्हणजे 324 वॉट आत आणि 250 बाहेर, बाकीची उष्णता. त्यामुळे तिला हवा लागेल अशीच बसवा, कापडात गुंडाळू नका. 8 सेलची 20 अँपिअर-तासाची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पूर्ण भारावर दीड तास पुरते.

वायरी, कनेक्टर पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, मिळतात. मोटर घेताना मात्र पाटीवर ‘झेड2’ आहे ना, हे स्वतः वाचून बघा. नुसत्या एमवाय1016 ला गिअरबॉक्स नसतो, फेरे अडीच हजारांच्या वर असतात, आणि त्याच्या बारीक स्प्रॉकेटवर सायकलची चेन बसत नाही.