दरीतल्या घरात एचडी चॅनल: फ्री डिशच्या एमपेग-४ बॉक्सचा एक वर्षाचा अनुभव

आमचं घर संगमेश्वरकडे, खाली दरीत. मोबाईलची रेंज अंगणात एका कोपऱ्यात येते, त्यामुळे नेटवर टीव्ही बघायचा विषयच नाही, आणि केबल या वाडीपर्यंत आलीच नाही. मग गेल्या वर्षी आईबाबांसाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत छत्रीवरची सेवा घेतली, एचडी चॅनल दाखवणाऱ्या एमपेग-४ बॉक्ससकट. हे आधी नीट विचारून घ्या हां, कारण पहिल्यांदा दुकानदाराने साधा एमपेग-२ बॉक्स गळ्यात मारलेला, त्यावर डीडी नॅशनल एचडी दिसतच नाही, परत जाऊन बदलून आणावा लागला.

छत्रीचं तोंड आग्नेयेला करावं लागतं, जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. डोंगर आडवा येईल अशी भीती होती पण उपग्रह आपल्याकडून बराच उंच दिसतो, डोंगराचा काही त्रास नाही, खरा आडवा आला तो आमचा आंबा. दोन फांद्या छाटल्या आणि सिग्नलची क्वालिटी एकदम चढली. बाबा खिडकीतून आकडा ओरडून सांगत होते, मी वर कौलांवर बसून एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) केसभर फिरवत होतो.

चित्र एकदम स्वच्छ, क्रिकेटचा बॉलसुद्धा दिसतो. महिन्याचा रिचार्ज नाही. मात्र जुलैत पाऊस कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात, कधी वीसेक मिनिटं काहीच नाही, सर उतरली की आपोआप येतं. एलएनबीजवळचा कनेक्टर पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडला, बदलून वर रबर टेप गुंडाळली, तेव्हापासून व्यवस्थित चाललंय.