पाण्याकाठची प्लास्टिकची घरं: डिझर्टेशनला फ्युचुरो घ्यायचं की के-६७?

सोलापुरात बीआर्क, म्हणजे आर्किटेक्चरची पदवी करणारी आमची दोन-तीन ज्युनिअर पोरं सध्या याच पेचात आहेत. डिझर्टेशनचा, म्हणजे लिहायच्या प्रबंधाचा विषय ठरलाय, पाण्याकाठच्या छोट्या मॉडर्न प्लास्टिक वास्तूंना हेरिटेज म्हणायचं का, पण मेन केस स्टडी कुठली घ्यायची तेच ठरेना. शेवटी दोन नावं उरली, फिनलंडचं फ्युचुरो, म्हणजे उडत्या तबकडीसारखं दिसणारं गोल घर, आणि स्लोव्हेनियाचा के-६७ किऑस्क, म्हणजे तुकडे जोडून उभी करायची टपरी. दोन्ही १९६० च्या दशकातले, दोन्ही पॉलिएस्टर आणि काचेच्या तंतूंचे, म्हणजे आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो तेच, त्यामुळं वरवर बघितलं तर कुठलंही घेतलं तरी चालेल असं वाटतं. माझ्या मते नाही चालत, का ते सांगतो.

फ्युचुरो आधी. मात्ती सूरोनेन या फिनिश आर्किटेक्टनं हे मुळात बर्फातल्या स्कीइंगवाल्यांसाठी डिझाइन केलं, चढउताराच्या जागेवर पटकन उभं राहावं आणि आत पटकन ऊब यावी म्हणून. सोळा तुकडे बोल्टनं जोडायचे, मध्ये पॉलियुरेथेन फोम, रुंदीला साधारण ८ मीटर आणि उंचीला ४, चार पायांच्या लोखंडी रिंगवर बसवलेलं, दार खाली उघडतं आणि त्याचीच पायरी होते. १९७३ ला तेलाचं संकट आलं, प्लास्टिक महागलं आणि धंदाच बसला, शंभराच्या आतच बनली ती घरं.

पण तुमच्या विषयासाठी खरा ऐवज आहे तो ००१ नंबरच्या फ्युचुरोचा. ते फिनलंडमधल्या पुलावेसी सरोवराच्या काठावर हॉलिडे होम म्हणून बसवलं होतं, आणि असल्या निसर्गात हे काय शोभत नाही म्हणून त्या सरोवराकाठच्या फ्युचुरोला लोकांनी विरोध केला होता. पुढं तेच घर एस्पो शहराच्या म्युझियमनं घेतलं, दुरुस्त केलं आणि २०१२ पासून तिथल्या वीजी प्रदर्शन केंद्राच्या आवारात लोकांना बघायला ठेवलं. म्हणजे चाळीसेक वर्षांत नकोसं होतं ते वारसा झालं, पण सरोवर मागंच राहिलं! आपलं सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यातून उचलून एखाद्या मैदानात नेऊन ठेवलं तर दगड न् दगड तोच असला तरी काय उरेल, हा विचार सोलापूरच्या पोराला कुणी समजावून सांगायला लागत नाही. वास्तू वाचली पण जागा गेली, मग नक्की वाचलं काय? हा एवढा प्रश्न नीट लढवला तरी अर्धं डिझर्टेशन त्यात उभं राहतं.

आणि पाण्याकाठीच राहिलेली पण आहेत. फ्लोरिडात पेन्साकोला बीचवरचं घर इतकी वादळं खाऊन अजून उभं आहे, तैवानच्या वानली किनाऱ्यावर फ्युचुरो आणि सूरोनेनचंच चौकोनी व्हेंच्युरो शेजारी शेजारी बघायला मिळतात. उलट नॉर्थ कॅरोलिनात हॅटरस बेटावर फ्रिस्कोचं फ्युचुरो ऑक्टोबर २०२२ मध्ये जळून गेलं. पॉलिएस्टर आणि फोम, आग लागली की वाचवायला फार काही उरत नाही, तेव्हा जागेवर ठेवा म्हणणं सोपं आहे पण त्यातली जोखीम पण तुम्हालाच लिहावी लागेल.

आता के-६७. साशा मेख्तिग यांनी १९६६ ला ल्युब्ल्यानात डिझाइन केला, युगोस्लाव्हियात आणि बाहेर मिळून साडेसात हजारांच्या आसपास बनले, पेपर विकायला, फुलं विकायला, खायच्या गाड्यासारखा, पार्किंगवाल्यासाठी, कशालाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात पण आहे. मला स्वतःला हा जास्त जवळचा वाटतो, कारण फ्युचुरो पैसेवाल्यांची हौस होती आणि के-६७ रोजच्या गिऱ्हाइकाचा. टपरीला हेरिटेज म्हणायची हिंमत करायची असेल तर यासारखी केस नाही. पण हा चौकातला प्राणी आहे हो, पाण्याशी याचं नातं ओढूनताणून आणावं लागेल आणि ज्युरी तिथंच पकडेल. शिवाय मुळातच हलवायला, जोडायला, बदलायला बनवलेला, त्यामुळं जागा बदलली तर किंमत कमी होते हा मुद्दा याच्यावर फारसा चालत नाही.

मटेरियलचं दोघांचं दुखणं सारखंच. उन्हानं जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर मरतो, हात लावला तर पांढरी पावडर येते, मग आतले तंतू उघडे पडतात, आणि ओल आत शिरली की फोड येतात. हे बघायला फिनलंडला जायला नको, ४०-४५ डिग्रीत वर्षानुवर्षं उभी असलेली कुठलीही फायबरची केबिन किंवा तलावातली जुनी पॅडल बोट जवळून बघा, फोटो काढा, तुमचं फील्डवर्क तेच. भुईकोट किल्ल्याचा एक दगड बदलला तरी किल्ला तोच राहतो, पण इथं बाहेरची कातडी म्हणजेच सगळी वास्तू, ती घासून नवा रंग मारला तर मूळचं काय राहिलं हे ठरवणं खरंच अवघड आहे. यावर घाईत उत्तर लिहू नका.

गाईड प्लास्टिकला वारसा मानायलाच तयार नसेल तर त्यांना इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या शाळेचा फायबरचा वर्ग दाखवा, तो तिथं सरकारी यादीत संरक्षित आहे. आणि जर्मनीत बिन्झच्या समुद्रकाठी उलरिख म्यूटरचा लाइफगार्ड टॉवर आहे, दिसायला फ्युचुरोसारखी तबकडीच पण काँक्रीटच्या पातळ कवचाचा, आता त्यात लग्नं लागतात. तेवढा तुलनेला एक-दोन पानं घ्या, जास्त नको.

तर माझं म्हणणं, विषयात पाणी असेल तर फ्युचुरोच घ्या आणि के-६७ ला एक चॅप्टर द्या. विषयातून पाणी काढून टपरी आणि रस्ता असं करणार असाल तर बिनधास्त उलटं करा. उरलेलं एकेक फ्युचुरो कुठं आहे, कुठल्या अवस्थेत आहे याचा हिशोब चाहत्यांनी नेटवर ठेवलाय, त्यामुळं लांबून काम करणाऱ्याला माहितीची अडचण येत नाही. फक्त तैवानच्या सान्झीची रंगीत घरं, जी २००८ च्या शेवटापासून पाडायला घेतली, त्यांचे फोटो फ्युचुरो म्हणून सगळीकडं फिरतात. ती फ्युचुरो नव्हती, तेव्हा प्रेझेंटेशनच्या शीटवर लावायच्या आधी प्रत्येक फोटो तपासून घ्या.