सतत साखर मोजणारा सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मला टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या सुरू आहेत, इन्शुलिन नाही. हे आधीच सांगते, कारण इन्शुलिन घेणाऱ्यांचं गणित खालच्या बऱ्याच मुद्द्यांत वेगळं पडतं. दंडाला चिकटवायचा सेन्सर मी काही महिने सलग वापरला. यंत्राबद्दल तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच. पण खरं लिहायचंय ते फोनवरच्या ॲपमध्ये तो काढतो त्या साखरेच्या आलेखाबद्दल, आणि त्याहून जास्त त्या आलेखात जे दिसतच नाही त्याबद्दल.

सगळ्यात आधी पटतं ते जेवणानंतरचं चालणं. तेच जेवण, तेवढंच ताट. जेवून खुर्चीत बसून राहिले की तासाभरात आलेखाची रेघ १९०च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) आसपास जायची आणि बराच वेळ तिथेच रेंगाळायची. जेवण संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडून अर्धा तास चालले, तर तीच रेघ १५०च्या आगेमागे वळायची. धापा टाकत नाही, गप्पा मारता येतील अशा वेगाने. रेघ माथ्यावर पोचल्यावर, म्हणजे दीड-दोन तासांनी चाललं तर साखर उतरते खरी, पण चढायची ती चढून गेलेली असते. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात टाइप २च्या रुग्णांना प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालायला लावलं होतं. दिवसातून एकदाच सलग ३० मिनिटं चालण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर त्यात सरासरी १२ टक्के कमी आली, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो रात्रीच्या जेवणानंतर.

हे होतं कसं? रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत नेणारे ग्लुट-४ नावाचे वाहक असतात. एरवी इन्शुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या आवरणापर्यंत येतात. आमच्यासारख्यांच्या पेशी तो निरोप नीट ऐकत नाहीत, तिथेच सगळं घोडं अडतं. पण स्नायू आकुंचन पावू लागला की हेच वाहक इन्शुलिनशिवायही वर येतात. म्हणजे मधुमेहात एक वाट अडलेली असली तरी दुसरी बऱ्यापैकी मोकळी राहते.

आता आकडे बघा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ४-५ ग्रॅम, एक चमचाभर. यकृतात ग्लायकोजेनच्या (साठवणीतल्या साखरेच्या) रूपात साधारण १०० ग्रॅम मावते, आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम. आपण दिवसभर मोजत बसतो तो चमचा. कोठार स्नायूंत आहे आणि त्याची पातळी दाखवणारा सेन्सर मी तरी अजून पाहिलेला नाही.

इथेच हा आलेख माणसाला चकवतो. सकाळी उपाशीपोटी मी जड वजनं घेऊन बैठका मारल्या, किंवा जिने जोरात चढले, की ११५ची साखर १५०च्या पुढे जायची. चालण्याला शाबासकी देणारं ॲप याला चक्क लाल रंग द्यायचं. नवीन वापरणारे बरेच जण इथेच घाबरतात आणि जोराचा व्यायाम सोडतात. तो सोडू नका. जोर लावला की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. स्नायूंच्या गरजेपेक्षा ती जास्त सुटली की रेघ चढते. स्नायू मात्र आपला साठा रक्तात परत देऊ शकत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं. त्याचं ग्लायकोजेन तो स्वतःच जाळतो. म्हणजे ॲप लाल दिसत असतानाच आत कोठार रिकामं होत असतं. तासाभरात रेघ आपोआप खाली येते.

खरा हिशोब दुसऱ्या दिवशी कळतो. पायांचा दमवणारा व्यायाम झाल्यावर पुढचा दिवस, कधीकधी त्याच्या पुढचाही, त्याच न्याहारीची टेकडी बुटकी दिसायची. तीन दिवस खाडा झाला की टेकडी पुन्हा मूळ उंचीवर. रिकामा स्नायू पुढचा एक-दोन दिवस इन्शुलिनचं जास्त ऐकतो. टाइप २वाल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. आधी मला तो शिस्तीसाठीचा नियम वाटायचा.

१९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या स्वीडनमधल्या दोघांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. दोघं एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनी एकेकाच पायाने पेडल मारलं, पार दमेपर्यंत. दुसरा पाय नुसता आरामात. पुढचे तीन दिवस पिष्टमय पदार्थांचा भरपूर आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं होतं. रक्त तेच, इन्शुलिन तेच, जेवण तेच, तरी साखर ओढून घेतली ती राबलेल्या पायाने. नुसते दंड फुगवणाऱ्यांनी हे वाचावं. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. ते बसवून ठेवायचे आणि साखर कुठे जाईल म्हणून काळजी करायची, याला काय अर्थ आहे! (जाता जाता: एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. वजनकाटा एका दिवसात किलोभर इकडेतिकडे झाला तर ती चरबी नव्हे.)

आता तक्रारी. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा ५ ते १५ मिनिटं मागे असतो. व्यायामात साखर भराभर बदलते तेव्हा हे जाणवतं. चालून घरी आल्यावर 'काहीच फरक नाही' म्हणून हिरमुसू नका, थोडं थांबा. नवीन सेन्सरच्या पहिल्या दिवसाचे आकडे मी धरतच नाही. त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो आणि मध्यरात्री ५८चा भोंगा वाजतो. बोटाला टोचून पाहिलं तर १०४. घामाने कडा सुटतात, वर वेगळी पट्टी लावावीच लागते. काही सेन्सरवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे आकडा खोटा वर दिसतो, माहितीपत्रक वाचून घ्या.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी मात्र तो भोंगाच सगळ्यात मोलाचा. दमवणाऱ्या व्यायामानंतर स्नायू रात्रभर कोठार भरत राहतात आणि झोपेत साखर ७०च्या खाली जाऊ शकते. इन्शुलिनवाल्यांची साखर व्यायामाआधीच ९०च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच सुरुवात करायची. डोस आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांशी बोलूनच घाला, माझ्या अनुभवावर जाऊ नका.

माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या माणसाला सेन्सर कायम लावायची गरज वाटत नाही. दोन-तीन सेन्सरांत आपलं शरीर जेवणाला आणि चालण्याला कसं वागतं ते कळतं, त्यापुढे तेच तेच. मी आता तो मध्येच कधीतरी लावते, काहीतरी ताडून बघायचं असेल तर. पुढच्या वेळी सकाळचा पायांचा व्यायाम संध्याकाळी हलवून रात्रीच्या जेवणाची आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीची रेघ बघायची आहे. तोवर जेवण आणि गोळीची वेळ तीच ठेवणार, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.